तळघरातला ज्यूकबॉक्स: कुठली तबकडी कुठल्या खणात

शनिवारी आमच्याकडे चार डोकी जमली की जेवणं उरकल्यावर कुणीतरी तळघरात उतरतं आणि ज्यूकबॉक्सची बटणं दाबतं. आधी ओटिस रेडिंग, मग टेम्प्टेशन्स, शेवटी क्वीन, असा त्याने मनाशी क्रम लावलेला असतो. मशीन पहिल्या फटक्यात क्वीन वाजवतं. पाहुणा माझ्याकडे वळून बघतो. "बिघडलंय का हो?"

बिघडलेलं नसतं. आतला गाडा तबकड्यांच्या रांगेसमोरून सरकत जातो आणि वाटेत जी निवडलेली तबकडी लागेल तिथे थांबतो. कुठलं बटण आधी दाबलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पोस्टमन पत्रं घरं लागतील तशी टाकत जातो, कुणी आधी पोस्टात टाकलं ते बघत बसत नाही, तसंच. हे माझ्या डोक्यात शिरायला सहा महिने गेले. तोवर मी सगळ्या तबकड्या दोनदा उपसून एकदा आद्याक्षरांप्रमाणे आणि एकदा सालवार लावून झाल्या होत्या, आणि दोन्ही वेळा पार्टीचा विचका झाला होता.

मी डेट्रॉइटच्या बाहेर राहतो. गाड्यांच्या कंपनीत गियरबॉक्सवर आयुष्य काढलं, आता निवृत्त. ज्यूकबॉक्स पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात असताना, मुंबईत, इराण्याच्या हॉटेलात. खिशात ब्रून-मस्का आणि चहापुरतेच पैसे असायचे, त्यामुळे गाणं कायम शेजारच्या टेबलावरच्याने लावलेलं. आपल्या पसंतीचं लावायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. ती हौस साठीनंतर फेडली. ज्यांना फेडायची असेल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मशीन घेताना

फोटोंत सगळीकडे दिसतो तो कमानीचा, रंगीत नळ्यांतून बुडबुडे चढणारा ज्यूकबॉक्स म्हणजे १९४६चा वुर्लित्झर १०१५. पॉल फुलरने त्याचा आकार आखला. दिसायला गणपतीच्या मखरासारखा, आणि किंमतही तशीच डोळे दिपवणारी. पण तो ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या वाजवतो आणि गाणी मिळतात फक्त २४. मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीचा जन्म १९५९चा. तोवर अमेरिकेत ७८चा कारभार आटोपत आला होता. आपल्याला हवं ते सोल, रॉक आणि साठ-सत्तरच्या दशकांतलं पॉप राहतं ४५च्या सात इंची तबकडीवर, जिच्या मधोमध दीड इंचाचं मोठं भोक असतं. आरसीए व्हिक्टरने ही तबकडी १९४९ मध्ये बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी सीबर्गने ती वाजवणारा ज्यूकबॉक्स काढला. तेव्हा मखराच्या मोहात पडू नका.

घराणी मुख्य चार. शिकागोच्या सीबर्ग आणि रॉक-ओला, न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ टोनावांडाची वुर्लित्झर, आणि आमच्या मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सची एएमआय, जी पुढे रो-एएमआय झाली. (रॉक-ओलामधला 'रॉक' संगीतातला नव्हे. मालकाचं आडनावच रॉकोला होतं.) घराणं कुठलंही चालेल. तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर त्या घराण्याचा जाणकार कुणी आहे का, एवढं मात्र आधी बघा. माझं मशीन साठच्या दशकातलं सीबर्ग आहे, ८० तबकड्यांचं. दोन्ही बाजू वाजतात, म्हणजे १६० गाणी.

विकणारा "चालू आहे" म्हणाला की त्याचा अर्थ दिवे लागतात, एवढाच धरा. जाताना स्वतःची एक तबकडी खिशात घेऊन जा. ती रांगेच्या डाव्या टोकाला, मध्यात आणि उजव्या टोकाला अशी तीन ठिकाणी लावून दोन्ही बाजू वाजवून बघा. मी हे केलं नाही. माझ्या मशीनने विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये मधल्या खणातलं एक गाणं सुरेख वाजवून दाखवलं. घरी आणल्यावर कळलं की गाडा मध्याच्या पलीकडे जातच नाही. त्या भल्या माणसाने वाजणारं एकमेव गाणं निवडून ठेवलं होतं.

वजन तीनशे पौंडांच्या वर भरतं. हलवण्याआधी तबकड्या काढून घ्या आणि आतली यंत्रणा वाहतुकीच्या स्क्रूंनी आवळा, नाहीतर रस्त्यात ती आपल्या स्प्रिंगांवर आदळत राहते. तळघराच्या जिन्यावरून उतरवताना चार माणसं लागली. पाचवी व्यक्ती वर उभी राहून म्हणाली, "अहो, हे आता घर विकू तेव्हा घराबरोबरच जाणार." बरोबर आहे तिचं.

वीज लावण्याआधी

घरी आणल्या आणल्या प्लग लावायला हात शिवशिवतात. लावू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनमधले कपॅसिटर सुकलेले असतात. एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं की ते जातात, आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातात. कपॅसिटर दोन-चार डॉलरचा, ट्रान्सफॉर्मर शोधायला वर्ष जातं. म्हणून अॅम्प्लिफायर सुटा करून आधी सिरीज बोर्डवर लावा. आपल्याकडचे वायरमन करतात तोच प्रकार: साधा तारेचा शंभर वॉटचा बल्ब मध्ये घालायचा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. ढणढणा जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो हे लक्षात असू द्या. ज्याला यातलं कळत नाही त्याने अॅम्प्लिफायर सरळ जाणकाराकडे द्यावा, यात कमीपणा नाही. जुनी दोन पिनांची वायर असेल तर ती बदलून तीन पिनांची घ्या आणि अर्थिंग लोखंडी सांगाड्याला जोडा.

यंत्रणेचं काम मात्र घरी होतं, आणि ते मला अॅम्प्लिफायरपेक्षा जास्त आवडतं.

माझा गाडा मध्यात अडकायचा त्याचं कारण ग्रीस. साठ वर्षांपूर्वी लावलेलं ग्रीस वाळून चिक्कीच्या पाकासारखं झालं होतं. वरून बोट लावलं तर चिकट, नखाने खरवडलं तर कडक. लोक इथे एक चूक करतात: वरून तेलाचा फवारा मारतात. दोन दिवस मशीन पळतं, मग पातळ झालेलं ते राळ-मिश्रण नको तिथे ओघळतं, रबराच्या चाकावर जातं आणि चाक घसरायला लागतं. मी जुन्या सवयीने रॉकेल शोधत होतो. इथे मिनरल स्पिरिट्स मिळतं, ते तेच काम करतं. खिडकी उघडी ठेवून, कान कोरायच्या कापसाच्या काड्या आणि जुने टूथब्रश घेऊन बसलो. गाडा ज्या दांड्यावरून सरकतो तो दांडा, त्याखालची दातेरी पट्टी, लॅचचे पिव्होट, एकेक. चौथ्या संध्याकाळी दांड्यावरची शेवटची तपकिरी पट्टी सुटली आणि खालून पितळेसारखा नाही, चक्क आरशासारखा चकचकीत पोलादी रंग निघाला. त्या जागी कुणाचा तरी अंगठा उमटलेला होता, ग्रीसखाली. कारखान्यातल्याचा की कुठल्या बारमध्ये दर आठवड्याला तबकड्या बदलायला येणाऱ्या माणसाचा, कोण जाणे. तो मी पुसला, कारण गाडा सरकायचा होता.

पिव्होटला हलक्या मशीन ऑइलचा एकेक थेंब, दात्यांना बोटभर नवं ग्रीस. रबराला काहीच नाही.

सुई तपासल्याशिवाय चांगली तबकडी लावू नका. सीबर्गमध्ये तबकडी उभी वाजते आणि सुया दोन असतात, दोन बाजूंसाठी दोन. एक झिजलेली आणि एक चांगली असं सर्रास सापडतं. मग एकाच तबकडीची एक बाजू खणखणीत आणि दुसरी खरखरीत, आणि दोष आपण बिचाऱ्या तबकडीला देतो. दोन्ही एकदम बदला. मशीन स्टीरिओच्या आधीचं असेल तर आणखी एक पथ्य: जुनी मोनो सुई वर-खाली लवत नाही, तिच्याखाली स्टीरिओ तबकडीची खाच खरवडली जाते. उलट, मोनो तबकडी स्टीरिओ सुईखाली आरामात वाजते.

तबकड्या

जुनं सामान विकणाऱ्या घरांतून, चर्चच्या विक्रीतून, रेकॉर्डच्या दुकानांच्या तळाशी ठेवलेल्या खोक्यांतून डॉलर-दोन डॉलरला ४५ मिळतात. दिव्याखाली तिरकी धरा. काळीभोर चमक असेल तर घ्या. खाच राखाडी दिसली तर ती आधीच कुठल्यातरी ज्यूकबॉक्समध्ये हजारदा वाजून आलेली आहे.

एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या सगळ्या ४५ व्हिनाइलच्या नसतात. कोलंबियासारख्या मोठ्या कंपनीनेही ढिगाने तबकड्या स्टायरीनच्या काढल्या. स्टायरीन हलकं, ताठ, नखाने टिचकी मारली तर प्लास्टिकच्या वाटीसारखा टकटक आवाज करणारं. वाकवायला गेलात तर वाकत नाही, तडकतं. जड सुईखाली त्याची खाच लवकर जाते. म्हणून माझा नियम: रोज वाजणारं गाणं व्हिनाइलवर शोधायचं, स्टायरीनची सुंदर प्रत असेल तर ती कपाटात.

धुवायला कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश. कागदी लेबल भिजू द्यायचं नाही. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने विसळून ताटाळ्यात उभी करून वाळवायची. आमचं ताटाळं कोल्हापूरहून आणलेलं आहे आणि सात इंची तबकडी त्यात अशी बसते की जणू तिच्यासाठीच केलंय.

काय निवडायचं? ८० खण भरपूर वाटतात, महिन्याभरात कमी पडतात. म्हणून दोन्ही बाजू सोन्याच्या असलेल्या तबकड्या आधी. एल्व्हिसची १९५६ची: एका बाजूला 'डोन्ट बी क्रूएल', दुसऱ्या बाजूला 'हाउंड डॉग'. बीटल्सची १९६५ची 'वी कॅन वर्क इट आउट' आणि 'डे ट्रिपर'. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडची १९६९ची 'डाउन ऑन द कॉर्नर' आणि 'फॉर्च्युनेट सन'. क्वीनची १९७७ची 'वी आर द चॅम्पियन्स' आणि 'वी विल रॉक यू'. ही शेवटची तबकडी आमच्या मराठी मंडळाच्या पोरांना वाजवून दाखवताना मी न चुकता सांगतो की हा गाणारा, फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलाय, तिथेच त्याने पहिला बँड काढला. पोरं मोबाइलवर खातरजमा करतात. करू देत.

मोटाउन आमच्या गावचं. २६४८ वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं ते घर आता संग्रहालय आहे. तिथे मोटाउनचा संस्थापक बेरी गॉर्डी याची माणसं गाणं मिसळताना मुद्दाम लहानशा स्पीकरवर ऐकून बघत, कारण लोक ते गाडीतल्या रेडिओवर ऐकणार होते. हे माहीत झाल्यापासून मी ज्यूकबॉक्सचा बास वाढवायचा बंद केला. 'माय गर्ल'च्या सुरुवातीला जेम्स जेमरसनचा बास एकटा दोन पावलं टाकतो, ती पावलं साध्या सेटिंगवर जास्त स्पष्ट पडतात. बास वाढवला की तळघराचं कपाट थरथरतं आणि पाऊल ऐकू येत नाही.

मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचा आवाज वेगळा, अंगावर जास्त धूळ असलेला. तिथलं 'ग्रीन अनियन्स' (१९६२) शब्दांविना आहे, गप्पा चालू असताना फार उपयोगाचं. अॅरेथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' १९६७चं, अटलांटिक कंपनीचं. मुळात ते ओटिस रेडिंगचं गाणं. दोघांची प्रत ठेवली तर एका रात्री दोन्ही लावून बघा. जवळजवळ तेच शब्द बाईच्या तोंडी गेल्यावर घरातलं भांडण कोण जिंकतंय ते बदलतं.

लांबी बघा. 'हे जूड' सात मिनिटांच्या वर आहे. बारमध्ये एका नाण्यात एवढं मिळतं म्हणून लोक खूश असतील, घरी मात्र पुढच्या निवडीवाला घड्याळ बघतो. आणि रे चार्ल्सच्या 'व्हॉट'ड आय से'सारखी गाणी दोन बाजूंत तोडलेली आहेत, पूर्वार्ध एकीकडे, उत्तरार्ध दुसरीकडे. दोन्ही दाबलंत तरी ते लागोपाठ येतील याची खात्री नाही, मध्ये दुसऱ्या कुणाचं गाणं घुसतं.

खणांची मांडणी

आता मूळ मुद्दा. गाडा एका टोकाला पोचला की उलटा फिरतो आणि परतीच्या वाटेवरही वाजवत येतो. म्हणजे तुमची रांग 'चिमा काय कामाची'सारखी हवी, कुठूनही वाचा, बिघडायला नको. डावीकडून चढत जाणारी आणि उजव्या टोकाला कळस गाठणारी मांडणी मी करून बघितली. परतताना ती दर वेळी उतरती वाजली, लग्नाची वरात स्मशानाकडे वळल्यासारखी.

मी शेवटी शेजार बघायला लागलो. दोन संथ गाणी शेजारी ठेवायची नाहीत. ओटिसचं 'डॉक ऑफ द बे' शिट्टी वाजत वाजत विरून जातं. डिसेंबर १९६७ मध्ये विमान अपघातात तो गेल्यावर ते बाहेर आलं, आणि हे ठाऊक असलेला माणूस ती शिट्टी संपल्यावर क्षणभर गप्प होतो. त्याच्या एका अंगाला 'स्टँड बाय मी' आणि दुसऱ्या अंगाला 'ग्रीन अनियन्स' ठेवलंय. दोन्ही हळूच पाऊल टाकत सुरू होतात. तिथे पूर्वी चक बेरीचं 'जॉनी बी. गूड' होतं. त्याची गिटार पहिल्या सेकंदापासून किंचाळते. देवघरात कुकरची शिट्टी.

दुसरी गोष्ट आवाजाची पातळी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या तबकड्या कमी-जास्त जोरात कोरलेल्या असतात. मशीनमध्ये ते सावरायची सोय असली तरी मोटाउनच्या दणदणीत तबकडीनंतर एखादी मवाळ जुनी पॉप तबकडी आली की कुणीतरी आवाज वाढवतं, आणि तिसऱ्या गाण्याला कानठळ्या बसतात. म्हणून दणदणीत तबकड्या चार-पाचच्या घोळक्याने ठेवा आणि घोळक्याच्या कडेला मध्यम आवाजाची एक.

वहीत ८० चौकोन आखा, पेन्सिलने भरा, महिनाभर वाजवा, मग खोडा. एक खणही रिकामा सोडू नका, सुईला तबकडी मिळाली नाही तर ती धातूवर उतरेल. काही नसेल तर भंगारातली तबकडी घाला. बाजू तपासूनच लावा. उलटी लागली तर पट्टीवर एक आणि कानावर भलतंच.

पट्ट्या म्हणजे बटणांवरची गाण्यांच्या नावांची कार्डं, तीन इंच बाय एक इंच. वर पहिल्या बाजूचं गाणं, मधल्या चौकटीत गाणारा, खाली दुसऱ्या बाजूचं. कडेची लाल-निळी नक्षी असलेले कोरे ताव विकत मिळतात. संगणकावर छापता येतात, पण टाइपरायटरवर केलेल्यांची मजा निराळी. नाण्याची भानगड नको असेल तर मशीन 'फ्री प्ले'वर ठेवा. मी ठेवलेलं नाही. पाव डॉलरच्या नाण्यांचा एक डबा शेजारी असतो. नाणं आत पडल्याचा आवाज ऐकल्याशिवाय मला गाणं आपलं वाटत नाही. इराण्याच्या हॉटेलातली उधारी असेल.

तळघर दमट असतं, तेव्हा डीह्युमिडिफायर लावा आणि मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

आपलं गाणं घालायचं असेल तर

हा प्रश्न प्रत्येक मराठी माणूस विचारतो. आपल्याकडच्या एचएमव्हीच्या सात इंची ईपी (एक्स्टेंडेड प्ले) तबकड्या ४५च्याच, पण भोक लहान. ते दीड इंचाचं करावं लागतं. इंग्लंडात ज्यूकबॉक्ससाठी असं भोक मोठं करण्याला 'डिंकिंग' म्हणतात आणि त्याचं हाताने फिरवायचं छोटं हत्यार येतं. ते घ्या. आधी पाच-सहा भंगार तबकड्यांवर हात बसवा. मूळ भोकात हत्याराची खुंटी घट्ट बसली पाहिजे, कारण मध्य तिथेच आहे. ज्या तबकडीची दुसरी प्रत नाही तिला हात लावू नका.

मी गियरबॉक्सवाला, मला कोण शिकवणार? पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली भावगीतांची एक ईपी घेतली आणि ड्रिलला गोल करवत लावली. आईच्या संग्रहात तीच ईपी होती, म्हणून ही जादा प्रत, एवढं तरी शहाणपण केलं. करवतीने व्हिनाइल वितळलं, कडा फुगली, आणि भोक मध्यापासून मिलिमीटरभर सरकलं. मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. तबकडी फिरली की प्रत्येक फेऱ्याला सूर थोडा वर जातो, थोडा खाली येतो. बाई बोटीत उभ्या राहून गातायत.

तरी ती शेवटच्या खणात आहे, पट्टी देवनागरीत हाताने लिहिलेली. शेजारचा म्हातारा, डेट्रॉइटमध्येच जन्मलेला, मोटाउनची गाणी नवी असताना त्यांवर नाचलेला, दर शनिवारी एक नाणं त्या खणावर घालतो. डोळे मिटून तो चढउतार ऐकतो आणि म्हणतो, तुमच्याकडे आवाज असा झुलवायचं शिक्षण किती वर्षं घेतात? मी अजून त्याला भोकाबद्दल बोललेलो नाही.